ब्लाउजपीसचा जुगार

सिस्टरला हरता येत नव्हतं. मुळीच येत नव्हतं. रमीत पान अडलं की ती आधी पंख्याला शिव्या द्यायची, मग जोकरला, मग पत्ते वाटणारीला, आणि दुसरीची रमी लागली की हातातली पानं सतरंजीवर आपटून म्हणायची, "खेळाले अक्कल लागते वं, नशीब नाही. तुयं आज नशीब होतं, जाय." यातलं अर्धं वाक्य उरलेल्या अर्ध्याला खोटं पाडतं, हे तिला सांगायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. ती लगेच पानं गोळा करून पिसायला घ्यायची. पिसताना तिची बोटं अशी चालायची की नव्या बायका आपला डाव विसरून तिच्या हाताकडेच बघत बसायच्या. याच बाईचं नाव पुढे पेपरात जुगारी म्हणून छापून आलं, आणि ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नाव तिचं वत्सला, पण ते कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सरकारी नर्स होती. उमेदीची वर्षं झरी जामणीकडे जंगलातल्या उपकेंद्रात काढली आणि बदली होत होत आमच्या महागावात येऊन इथूनच रिटायर झाली. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला होता, मूलबाळ नव्हतं. रमी ती तिकडे जंगलातच शिकली. पावसाळ्यात नाला चढला की ना पेशंट येत ना साहेब. मग फॉरेस्ट गार्डची बायको आणि ही, दोघी दार लोटून तेरा पानं खेळत बसायच्या. महागावात तिनं माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून खोली घेतली. तोंडावर आम्ही तिला अहोजाहो करायचो आणि पाठीमागे ती म्हणायचो, तशीच इथंही लिहिते.

तिची एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचं. नाडी बघायची. तुम्ही आपले डाळीचे भाव सांगताय, आणि ही मनगटावर दोन बोटं ठेवून दुसरीकडेच बघतेय. मग एकदम म्हणणार, "खोटं बोलून राह्यली तू. खरं सांग, सासूसंग भांडली ना?" आणि भांडण झालेलं असायचंच. मी एकदा विचारलं, सिस्टर, नाडीत भांडण कळते काय? तर म्हणाली, "नाडीत काही कळत नाही मंदे, पण हात धरला का बाई खरं बोलते."

आता ब्लाउजपीसचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. हळदीकुंकवाला ओटीत ब्लाउजपीस घालतात आणि तो कोणी शिवत नाही, हे काय मी तुम्हाला सांगायचं? मी शिवणारीण आहे, मला पक्कं माहीत आहे. मी शेजारणीला दिलेला हिरवा पीस चार घरं फिरून पुढच्या संक्रांतीला माझ्याच ओटीत येऊन पडतो. ट्रंका भरल्यात बायकांच्या. पण तो फिरतो कोणात? ज्यांचे नवरे जिवंत आहेत त्यांच्यात. सिस्टरनं ज्या घरांत बाळंतपणं केली, त्याच घरांत तिला दारातूनच 'या सिस्टर' म्हणायचं, हातावर तीळगूळ ठेवायचा आणि वाटेला लावायचं. ओटी भरायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा छताला. माझ्याच दुकानात एका संक्रांतीला हा प्रकार झाला. बायका गेल्यावर मला रडू आलं. सिस्टर मात्र भडकली होती. "मले तुमची ओटी नाही पाह्यजे वं. मले तो पिवळा जरीकाठाचा पीस पाह्यजे होता. त्या ठोंबीच्या अंगावर शोभणार हाय का तो?"

आमचे डाव तेव्हा आळीपाळीनं घरोघर चालायचे. दुपारची भांडी झाली की बसायचं. पण घर म्हटलं की घराचे नियम आले. एकीकडे सासू मध्येच उठून देव्हाऱ्याचं दार लावून घ्यायची. मोटार वायंडिंगवाल्या रफिकभाईंच्या घरी, शबानाभाभीकडे, दोघीतिघींना नेमका उपास निघायचा; चहा नको, पाणी नको. तांड्यावरची कमला यायची, तिला कोणी बस म्हणायचं नाही, ती आपली उंबऱ्याशी टेकायची. सिस्टरनं हे चार-दोनदा बघितलं आणि एक दिवस पानं खाली ठेवली. म्हणाली, "कोणाच्याच घरी नाही खेळायचं आता. घरात जागा घरवालीची अस्ते. जिथं सगळ्यायची जागा हाय तिथं बसू."

म्हणून समाजमंदिर. वर्षातून दोनदा उघडणारं, एरवी चिमण्यांच्या ताब्यातलं. सिस्टरनं किल्ली मागून घेतली, आम्ही झाडूनपुसून सतरंज्या टाकल्या. सामने ठेवायचे ठरले. बक्षीस काय ठेवायचं यावर बराच काथ्याकूट झाला. सिस्टरचा एकच हेका, पैसा अजिबात नाही. "पैसा आला का जुगार आला. आपल्याले जुगार नाही खेळायचा." मग तिनंच तोड काढली. प्रत्येकीनं एक ब्लाउजपीस आणायचा आणि जी जिंकेल तिनं सगळे न्यायचे. सवाष्ण असो, विधवा असो, टाकलेली असो, शबाना असो की कमला. ज्या गोष्टीसाठी नवरा जिवंत लागत होता, तिच्यासाठी आता फक्त रमी लागायला हवी होती. हे मी आत्ता शहाणपणानं सांगते. तेव्हा तिच्या डोक्यात बहुतेक तो पिवळा पीसच होता. आणि त्या ठोंबीनं पहिल्याच सामन्याला नेमका तोच आणला, आणि सिस्टरनं तो जिंकला! कशी नाचली म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनसमोर उभी राहून हुकूम, "बाह्या कोपरापर्यंत, अन् मांगून गळा मोठा ठेव." या वयात गळा मोठा? म्हटलं. म्हणाली, "गरमी वयाले इचारून होते काय?" तो ब्लाउज घालून ती बाजारभर फिरली. भाजीवालीलासुद्धा सांगून आली की हा मी जिंकला आहे.

पुढच्या पोळ्याला मोठे सामने ठेवायचं ठरलं. आमच्याकडे पोळ्याला पत्ते निघतातच. पुरुष तर वाट बघत असतात. शेतातल्या खोपडीत, जिनिंगच्या गोदामामागे, मोठ्या लोकांच्या फार्महाउसवर, सगळीकडे पैसा लावून खेळ चालतो आणि सहसा कोणी आडकाठी करत नाही. पण सिस्टर पडली सरळमार्गी. म्हणाली, आपण चोरून काही करत नाही, तर चार लोकांना सांगून करू. आणि काय केलं असेल या बाईनं? पेढे घेऊन ठाण्यात गेली आणि ठाणेदारांनाच उद्घाटनाचं आमंत्रण देऊन आली! मी बरोबर होते. तिनं सगळं सांगितलं, समाजमंदिर, रमी, बायका, ब्लाउजपीस. ठाणेदार हसले, पेढा खाल्ला, म्हणाले, "बघतो, येतो." त्या वेळी त्या माणसाला तोंड नव्हतं काय? 'बाई, बाहेर सार्वजनिक जागी असं चालत नाही, घरी खेळा,' एवढं एक वाक्य बोलायला काय पैसे पडत होते? पेढा मात्र गिळला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दुपारी, आले ना! बोलावल्यासारखे आले. दारात पोलिसांची गाडी थांबली तेव्हा आम्हाला वाटलं पाहुणे आले. सिस्टर नारळ घेऊन पुढे धावली. ठाणेदार नव्हते, जमादार होता, दोन शिपाई आणि एक महिला कॉन्स्टेबल. सिस्टरनं त्या पोरीला हळदीकुंकू लावलं, स्वतः, विधवेच्या हातानं, आणि तिच्या ओटीत एक ब्लाउजपीस घातला. पोरीनं मान लववून घेतला. तोवर जमादार सतरंजीवरची पानं गोळा करत होता. "कोणी हलायचं नाही," म्हणाला. कमला खो-खो हसली, तिला वाटलं गंमत चालली आहे. मग शबानाभाभीच्या हातातून त्यानं पानं हिसकली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. समोरच्या चहाटपरीवरून दोन माणसं हाक मारून पंच म्हणून आणली. त्यांनी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही, बाहेरच चपलांवर उभं राहून सह्या केल्या. ब्लाउजपीसांचं गाठोडं बांधलं, जुगाराचा मुद्देमाल म्हणून. आणि त्या पोरीच्या ओटीतला? तोही काढून घेतला. ती बिचारी खाली मान घालून उभी राहिली.

ठाण्यात फोन कोणी केला ते साऱ्या गावाला माहीत आहे. पोळ्याच्या आधी जिनिंगमागच्या अड्ड्यावर धाड पडली होती, त्यात सापडलेला एक गृहस्थ सिस्टरच्याच शेजारचा. त्याची दोन्ही पोरं सिस्टरच्या हातची. त्याला झोंबलं की आम्ही खेळलो तर जुगार आणि बायका खेळल्या तर सामने? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी पेपरात 'महिलांच्या जुगार अड्ड्यावर छापा', खाली आमची नावं. गावातल्या प्रत्येक फोनवर ती बातमी फिरली. आणि त्याच फोनवर त्या दिवसांत नट येऊन सांगत होते की रमी खेळा आणि पैसे जिंका. पुढे त्याच्यावरही कायदा आला म्हणे. पण तेव्हा घरबसल्या फोनवर पैसा लावून खेळणारा खेळाडू होता, आणि समाजमंदिरात ब्लाउजपीस लावणारी आमची सिस्टर आरोपी होती. आरोपी क्रमांक एक, कारण सामने तिनं भरवले. मी क्रमांक दोन.

आम्ही वकील केला. माणूस वाईट नव्हता, नीट समजावून सांगितलं. "कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. घरात चार जणी मजेखातर खेळल्या तर कोणी विचारत नाही. समाजमंदिर ही सार्वजनिक जागा, तिथं पोलीस थेट पकडू शकतात. रमी अकलेचा खेळ आहे, हे कोर्टंसुद्धा मानतात, तेवढं आपल्या बाजूचं. पण काहीतरी पणाला लावलं की भानगड होते."

"पैसा कुठी लावला साहेब?" सिस्टर म्हणाली.

"पैसाच लागतो असं नाही. वस्तूही चालते. ब्लाउजपीस ही वस्तू आहे."

"मंग संक्रांतीले बायका वान लुटतेत ते काय अस्ते? तिथं नाही कोणी छापा घालत?"

"ते घरात असतं सिस्टर."

"घरात तर मले कोणी बोलवत नाही ना!" सिस्टर एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बसलेले पक्षकार डोकावून बघायला लागले. वकिलानं उठून दार लोटलं. मग हळूच म्हणाला, "हे बघा, लढलो तर सुटण्यासारखी केस आहे. पण वर्षं जातील. सगळे काय करतात, पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल करतात, थोडासा दंड भरतात आणि संध्याकाळी घरी. तुम्हीही तेच करा."

सिस्टरनं पदर खोचला. "मी नोकरीत कोणाचा रुपया घेतला नाही. खोटं सर्टिफिकेट देल्लं नाही. आता म्हातारपणी जुगारीन हाओ म्हणून कोर्टात कबूल होऊ? कायले? जे केलं नाही ते कबूल करू?"

लोकांना वाटतं असल्या केसेसनं काय होतं, दंड भरला की संपलं. काय होतं ते मी बघितलं. रिटायर झाल्यावरही पोलिओच्या डोसाला सिस्टर पहाटेच आंघोळ करून तयार बसायची, कोणी न बोलावता बूथवर जायची, पोरांच्या तोंडात थेंब टाकायची. ते तिचं सणावारासारखं होतं. त्या वर्षी ती बूथवर गेली तर तिथल्या तरुण डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, केस मिटेपर्यंत नका येऊ. वरून विचारणा होते." ती परत आली आणि माझ्या दुकानात बसली. मी मशीन थांबवलं. तिनं माझं मनगट धरलं, पण नाडी नाही बघितली, नुसतंच धरून बसली. मला त्या डॉक्टरच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अजूनही वाटते. अरे, तू शाळेत होतास तेव्हा ही बाई नाले ओलांडून लसी घेऊन जात होती!

कोर्टाची पहिली तारीख आली त्या दिवशी बाकी सगळ्या जणी एकामागोमाग एक कबूल झाल्या. प्रत्येकीच्या मागे नवरा, नाही तर घरचा कोणी पुरुष उभा होता. शबानाभाभी रडत होती. "सिस्टर, इनका धंदा है, लोग बाता करते," एवढंच म्हणाली. कमलालासुद्धा तिच्या दिरानं अंगठा टेकवायला लावला. माझा नवराही आला होता, सरळ माणूस आहे, पण घाबरट. कुजबुजला, "कबूल करून टाक मंदा. दुकान बंद ठेवून किती चकरा मारशील?" सिस्टरनं मागून येऊन त्याचंच मनगट धरलं. "बाप्पा! खेळली बायको अन् नाडी तुमची पळून राह्यली?" तो ओशाळला आणि बाहेर जाऊन बसला. मी आत गेले आणि सांगितलं, कबूल नाही. माझ्या आधी सिस्टरनं हेच सांगितलं होतं, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात.

मग तारखाच तारखा. आम्ही दोघी डबा घेऊन जायचो. जमादाराची बदली झालेली, तो यायचा नाही. पंच तर कधी उगवलेच नाहीत; एक टपरीवर दिसायचा, आम्हाला बघून तोंड फिरवायचा. दर वेळी साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून सिस्टर शेजारच्या बायांच्या नाड्या बघायची, गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून त्यांना झापायची, आणि मध्येच माझ्या कानात म्हणायची, "पत्त्यायचा एक कॅट आणला अस्ता तर चार डाव झाले अस्ते." ती कधी खचलेली दिसली नाही. मला मात्र पोलिसाचा खाकी रंगसुद्धा नको झाला होता. एकदा मी म्हटलं, सिस्टर, आपण जिंकलो तर काय मिळणार आहे? ती माझ्यावर खेकसली. "मिळते काय म्हंजे? जजसाहेबानं म्हणाव का ह्या बाईनं जुगार खेळला नाही. मोठ्यानं म्हणाव. मंग मी डोसाले जाईन."

ते ऐकायला ती राहिली नाही. एका दुपारी जेवून उठताना पडली, बोलणं गेलं. यवतमाळला नेलं, पण उपयोग झाला नाही. शेवटपर्यंत उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. मी तो हात धरून बसले होते. नर्स पोरी येऊन सलाइन बदलत होत्या, त्यांना ठाऊकही नव्हतं की ही कोण आहे.

माणसं बसायला आली. तो शेजारचा गृहस्थही आला, ज्यानं फोन केला तो. चहा घेतला, दोन उसासे टाकले आणि म्हणाला, "चला, एक बरं झालं. केसमधून सुटली बिचारी." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. म्हटलं, "ऊठ. ऊठ इथून. तुया पोरायची नाळ कापली तिनं, अन् तू तिचं नाव कापलं. परत या गल्लीत पाय टाकशील तर मुलाहिजा नाही ठेवणार." माझा नवरा मला आवरायला पुढे आला आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्या माणसाचीच चप्पल सरकवून दिली. बायका खाली बघत होत्या. शबानाभाभी तेवढी येऊन माझ्याजवळ बसली.

पुढच्या तारखेला मी एकटी गेले. शिपायानं व्हरांड्यात पुकारा केला, तिचं पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नव्हे नवऱ्याच्या नावासकट. कोणी उठलं नाही. वकिलानं मृत्यूचा दाखला पुढे केला. साहेबांनी बघितला, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, आरोपी क्रमांक एक मयत, तिच्याविरुद्धचा खटला संपला.

मी वकिलाला विचारलं, "संपला म्हणजे? सुटली? निर्दोष?"

"निर्दोष नाही म्हणता येणार. दोषीही नाही. संपला, एवढंच."

एवढंच! इतक्या तारखा, इतके डबे, पोलिओचे ते सगळे रविवार, आणि तिच्याबद्दल कोणी काहीच बोलणार नाही. मी तशीच पुढे जाऊन साहेबांच्या समोर उभी राहिले. रागानं, दुसऱ्या कशानं नाही. साहेब भले असावेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, आता तुम्ही एकट्याच राहिलात. जुनं प्रकरण आहे. कशाला हेलपाटे घालता? कबूल करत असाल तर नाममात्र दंड करतो, आजच मोकळ्या व्हाल."

वकिलानं माझ्याकडे बघून मान हलवली, हो म्हणा म्हणून.

मी पदर खोचला. म्हटलं, "नाही साहेब. साक्षीदार बोलवा."